रुखवतातला अडीच किलोचा उंदीर

आमच्या घराण्यात आणि ओळखीच्या तीन घराण्यांत मिळून मी आजवर एकेचाळीस रुखवतं मांडली आहेत. त्यात माझं स्वतःचं एकही नाही, कारण लग्नच केलं नाही. पण वसुधाच्या हातचं रुखवत नसेल तर लग्नात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, असं बायका म्हणतात. मी म्हणत नाही, बायका म्हणतात. सुपाऱ्यांचे भटजी, खारकांची बैलगाडी, साखरेची सीताफळं, खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेले मोर, सगळं करून झालं आहे. एकदा चुरमुऱ्यांचा गेटवे ऑफ इंडिया केला होता. तो मुहूर्ताच्या आधी मुंग्यांनी अर्धा नेला, तरी उरलेला बघायला बायकांची रांग होती.

त्यामुळे माझी भाची ऋता जेव्हा म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नात रुखवत नको," तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

ऋता ही माझ्या धाकट्या बहिणीची, उत्तराची, एकुलती एक मुलगी. मुलुंडच्या एकाच बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्या. ही पोरगी शाळेतून आली की आधी माझ्याकडे यायची, खायची, आणि मग वर जायची. आता ती पवईच्या संस्थेत पीएच.डी. संपवत होती. विषय काय, तर लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या उंदरांचे दात. लोकांच्या भाच्या डेंटिस्ट असतात. आमची उंदरांची, आणि तेही मेलेल्या.

तिसऱ्या दिवशी तीच खाली आली. ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, "बरं, कर रुखवत. पण एक अट. ते नेहमीचं राधाकृष्ण वगैरे नको यार. माझ्या विषयावर कर."

"लग्नात उंदीर मांडू?"

"मोठा उंदीर. नामशेष झालेला. जमेल का सांग."

जमेल का, असं मला विचारायचं नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तिने ते विचारलं.

मग शिकवणी सुरू झाली. मी कणीक मळायची आणि तिने बोलायचं. सिसिली आणि माल्टा नावाची बेटं आहेत, इटलीच्या पायाशी. तिथे काही लाख वर्षांपूर्वी एक डॉरमाऊस राहायचा. डॉरमाऊस म्हणजे खारीसारखं झुपकेदार शेपूट असलेला इवलासा उंदीर, एरवी मुठीत मावेल एवढा. पण या बेटांवरचा वाढत वाढत मांजराएवढा झाला. आणि गंमत म्हणजे सिसिलीतच एक हत्ती होता, तो कमी होत होत एवढासा झाला की पूर्ण वाढलेली हत्तीण ऋताच्या कमरेला लागली असती.

"थापा मारू नकोस," मी म्हटलं.

"हाडं सापडलीयत, मावशी. आणि हे फक्त तिथेच नाही. कॅरिबियन समुद्रात एका चिमुकल्या बेटावर तर अस्वलाएवढा उंदीर होता."

"पण का? पाणी लागतं का तिथलं?"

ती हसली आणि माझ्या हातातलं लाटणं घेऊन हवेत आकृत्या काढू लागली. "बघ. मोठ्या प्राण्याला बेटावर खायला पुरत नाही. जागा कमी, चारा कमी. मग जी पिल्लं लहान चणीची निघतात ती टिकतात. आणि उंदीर मुळात लहान का असतो?"

"देवाने केला म्हणून."

"लपता यावं म्हणून. बिळात घुसता यावं. त्याला खाणारे शंभर जण असतात ना. बेटावर खाणारंच कुणी फारसं नसतं. मग लपायची गरज नाही, मग लहान राहायचीही गरज नाही. तो वाढतो." आणि लगेच पुढे, "अर्थात नेहमी असंच होतं असं नाही हं. अपवाद पुष्कळ आहेत. भांडणंही चालू आहेत यावरून." ही तिची सवय आहे. एखादी गोष्ट छान रंगात आली की तिला एक अपवाद चिकटवायचा.

मला मात्र ते फार पटलं. नाहीतरी आपणही बेटावरच राहतो की. वांद्र्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत सगळं साष्टी बेट. आमचे वडील, अण्णा, राजापूरला अंगणात हातपाय पसरून झोपणारे, ते इथे येऊन दीड खोलीत पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकले. आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, एवढीशी आसामी, ते वीस वर्षांत फुगून कुठल्या कुठे गेले, कारण त्यांच्या विरोधात कुणी उभंच राहत नाही. हे मी ऋताला सांगितलं तर ती म्हणाली, "हे थिसिसमध्ये घालते."

असो. मी कामाला लागले.

ठरलं असं, की दोन्ही प्राणी खऱ्या मापाचे करायचे. उंदीर मांजराएवढा आणि हत्तीचं पिल्लू, नुकतं जन्मलेलं, जेमतेम फूटभर. म्हणजे परातीत दोघं शेजारी शेजारी उभे केले की एकमेकांच्या तोडीस तोड दिसणार. उंदीर बेसनाचा. लाडवाचंच मिश्रण, पण जरा कडक, अडीच किलो. अंगावरचे केस म्हणजे तुपात भाजलेल्या बारीक शेवया, एकेक चिमटीने खोचलेल्या. डोळे काळ्या मनुकांचे, पुढचे दात सोललेल्या बदामाचे. त्या दातांसाठी ऋताने चारदा बदाम बदलायला लावले. "मावशी, दात हाच माझा विषय आहे, तिथे चूक नको." हत्तीसाठी मी काळे तीळ काढले होते, रंग अगदी हुबेहूब आला असता, पण उत्तरा वरून खाली धावत आली. "वसू, लग्नात काळे तीळ? वेड लागलंय का तुला? श्राद्ध आहे का?" मग खोबऱ्याच्या वडीत भाजलेली खसखस मळून हत्ती केला. तीळ असते तर जास्त देखणा झाला असता, हे मी अजूनही म्हणते.

रुखवतात प्रत्येक वस्तूपुढे कार्ड असतं. माझी कार्डं मी स्वतः लिहिते, बोरूने, वळणदार अक्षरात. आणि मधोमध एक मोठं कार्ड मुलीच्या कौतुकाचं. शिक्षण, बक्षिसं, जे काही असेल ते. एकदा एका मुलीच्या नावावर काहीच नव्हतं तर मी 'मनमिळाऊ' असं लिहिलं होतं. ऋताच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. मी लिहिलं, 'चि. सौ. कां. ऋता हिची येत्या जानेवारीपासून दोन वर्षांसाठी सिसिली बेटावरील विद्यापीठात संशोधक म्हणून निवड झाली आहे.' खाली दोन वेलबुट्ट्या काढल्या. निवडीचं पत्र येऊन आठवडा झाला होता आणि मी ते सगळ्या मजल्यांवर सांगून आले होते.

लग्न रविवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी उत्तराने ते कार्ड वाचलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काढ. आधी काढ."

"का?"

"त्यांच्याकडे माहीत नाहीये."

"कुणाला माहीत नाही?"

"सुहासिनीताईंना."

सुहासिनीताई म्हणजे ऋताच्या होणाऱ्या सासूबाई. बोरिवलीला राहतात. बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, ताठ, आणि आवाज असा की बोलायला लागल्या की आपण आपोआप पलंगावर सरळ होऊन बसावं. त्यांचा मोठा मुलगा सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला तो गेलाच. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आता हा मिहिर आणि त्याची बायको, दोघंही माझ्या डोळ्यांसमोर राहणार." सगळे हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

मी त्याच पावली वर गेले. मिहिर आलेलाच होता, शालूची पिशवी घेऊन. मुलगा चांगला आहे, अंधेरीला एका आर्किटेक्टकडे काम करतो, ऋताच्या उंदरांची नावं त्याला पाठ आहेत. पण आईचं नाव काढलं की त्याची मान खाली जाते.

"मावशी, मी सांगणारच आहे," तो म्हणाला. "लग्न पार पडू दे. मग शांतपणे सांगतो."

"होकार कधीपर्यंत कळवायचाय?"

ऋता म्हणाली, "सोमवार संध्याकाळपर्यंत."

"सोमवारी तर तुमच्याकडे सत्यनारायण आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे तू पूजेला बसणार, पाहुण्यांच्या पाया पडणार, आणि मध्येच हा शांतपणे आईला सांगणार?"

"मावशी, प्लीज ना," मिहिर म्हणाला. "दादा गेला तेव्हा आई आठ दिवस नीट जेवली नव्हती. लग्नाच्या तोंडावर नको. तुम्ही फक्त ते कार्ड लावू नका."

मी कबूल केलं. कार्ड काढून पिशवीत ठेवलं. पण मला काही ते बरं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे मला चांगलं माहीत होतं. मी घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा, एकोणनव्वद साली, मला नागपूरला बढती मिळाली होती. घरात उत्तराचं लग्न होतं. हे होऊ दे, मग अण्णांशी बोलू, असं ठरलं. ते झालं, आणि बोलायची वेळ येईपर्यंत त्या जागेवर दुसरी बाई हजर झाली होती. मला कुणी नाही म्हटलं नाही. कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि तो अण्णांपेक्षा माझा मलाच जास्त येतो.

रविवारी सकाळी सातला मी हॉलवर पोचले. हॉल मुलुंडमध्येच. टेबलावर पांढरी चादर, त्यावर निळ्या जिलेटीन कागदाचा समुद्र, मधे मोठी परात उपडी घालून तिचं बेट. बेटावर चिवड्याची जमीन, कोथिंबीरवडीचे खडक. एका बाजूला हत्तीचं पिल्लू, दुसऱ्या बाजूला आमचा डॉरमाऊस, शेपटी फुलवून. त्याच्या पायाशी आजकालचा साधा डॉरमाऊस, बेसनाच्या एका लाडवाएवढा, तुलनेसाठी. केटररची माणसं पोह्यांची पातेली टाकून बघायला आली. एकाने हात जोडले. मी त्याला अडवलं नाही.

तेवढ्यात ऋता आली. हळद लागलेली, पिवळी साडी, केस अजून ओले. तिने उंदराकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग वाकून दात तपासले.

"परफेक्ट आहेत," ती म्हणाली. "मावशी, तू ग्रेट आहेस."

"आहेच."

ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. मेंदीच्या हातांकडे बघत म्हणाली, "मी विचार केला. उद्या नाही म्हणून कळवून टाकते."

मी बेटाभोवती शंख मांडत होते, ती थांबले.

"काय फरक पडतो गं? हे उंदीर मेले त्याला लाखो वर्षं झाली. ते कुठे पळून चाललेत? चार-पाच वर्षांनी पुन्हा बघू. आत्ता उगाच सगळ्यांना त्रास." आणि हसली. मला तिचं ते हसू ओळखता आलं. आरशात बघितलेलं होतं मी ते.

"मिहिर म्हणाला असं?"

"नाही. तो म्हणतो जा. पण त्याची कालपासून झोप उडालीय. मला नाही बघवत."

तिला मेकअपवाली हाक मारत होती, ती उठून गेली. मी पिशवी उघडली आणि कार्ड बाहेर काढलं.

आता खरं सांगते. मला भीती वाटत होती. सुहासिनीताई चिडल्या, भर हॉलमध्ये बोलल्या, वऱ्हाड उठून गेलं तर? माझ्या एका कार्डाने पोरीचं लग्न मोडलं तर उत्तरा जन्मात माझं तोंड बघणार नाही, आणि बरोबरच असेल तिचं. शब्द दिला होता मी. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट होती. या सगळ्याचा मी विचार केला. पण लग्न मोडण्याची भीती मला जेवढी वाटत होती त्याहून त्या हसण्याची जास्त वाटली. मी कार्ड उंदराच्या बरोबर पुढे उभं केलं.

नऊ वाजता बोरिवलीच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे सुहासिनीताई, मोरपिशी पैठणी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. चष्मा चढवून त्या एकेक वस्तू बघू लागल्या, वॉर्डात राउंड घ्यावा तशा. खडकांपाशी थांबल्या, "सुंदर." हत्तीपाशी थांबल्या, "खसखस का?" मी म्हटलं, "हो." मग उंदरापाशी आल्या.

"हा काय प्रकार आहे?"

"सूनबाईंचा विषय आहे हा तुमच्या," मी म्हटलं.

"मग तिलाच बोलवा. तिच्याकडूनच ऐकू."

ऋताला बोलावलं. तोपर्यंत तिला मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. बरोबर उत्तराही आली. उत्तराला कार्ड दिसलं, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी शंख सारखे करायला लागले. ऋताचं लक्षच नव्हतं. तिला कुणी उंदरांबद्दल विचारलं की ती बाकी सगळं विसरते. तिने बायकांना बेटांची सगळी गोष्ट सांगितली. हत्ती लहान का झाला, उंदीर मोठा का झाला. बायका आधी हसत होत्या, मग ऐकायला लागल्या. एक म्हणाली, "म्हणजे उंदरावर बसता येईल असा हत्ती!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणजे लहान राहायचं ते भीतीने?" सुहासिनीताईंनी विचारलं.

"साधारण तसं. खाणारं कुणी असेल तर लपावं लागतं. नसेल तर वाढता येतं. अर्थात अपवाद पुष्कळ..."

"कळलं." त्या खाली वाकल्या आणि कार्ड वाचू लागल्या.

त्यांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. ऋताने आता कुठे कार्ड पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

सुहासिनीताईंनी चष्मा काढला. "बायांनो, चहा घेऊन या," असं त्या म्हणाल्या, आणि बोरिवलीच्या सगळ्या बायका एका दमात तिथून गेल्या. "मिहिरला बोलवा."

मिहिर आला. फेटा अर्धाच बांधलेला. त्याने आईकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"हे खरं आहे?"

"हो, आई. मी तुला सांगणार होतो."

"कधी?"

तो फेट्याचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळू लागला.

"हिला माहीत, हिच्या आईला माहीत, मावशीला माहीत. मला नाही." त्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. त्यांनी त्या अडीच किलोच्या उंदराकडे बोट केलं. "आत्ताच ऐकलं मी. खाणारं कुणी असलं की बिळात लपतात. म्हणजे या घरात खाणारी मी."

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे. बत्तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या माणसांच्या बातम्या सांगितल्या. आईला मुलाची, बायकोला नवऱ्याची. दारात उभं राहून, डोळ्यात बघून. आणि माझ्या घरात मला एक बातमी सांगायला कुणाची छाती होत नाही?"

"दादा गेला तेव्हा तू जेवायची बंद झाली होतीस," मिहिर म्हणाला.

"झाले होते. मग मेले का? वाईट वाटलं, रडले, आणि नवव्या दिवशी जेवले. मला वाईट वाटतं म्हणजे मी जाऊ नको म्हणते, हे तुला सांगितलं कुणी? त्याला म्हटलं होतं का मी नको जाऊस म्हणून?"

मिहिरने मान हलवली. नव्हतं म्हटलं.

"साखरपुड्याला बोलले ते बोलले. बोलणारच. आई आहे." त्यांनी पदराने नाक पुसलं, घाईने, कुणी बघू नये असं. मग ऋताकडे वळल्या. "तुला जायचंय?"

ऋताने मिहिरकडे बघितलं, मग आईकडे.

"इकडेतिकडे बघू नको. तुला विचारतेय. जायचंय का?"

"हो," ऋता म्हणाली, आणि एवढं म्हणताना ढसाढसा रडायला लागली. मेकअपवाली लांबून "अगं काजळ, काजळ!" असं ओरडली. "खूप जायचंय. पण मला लग्नही करायचंय. मला मिहिरही हवाय, आणि तुम्ही माझ्यावर चिडलेल्या नको आहात."

"चिडले तर आहेच. ते आता दोन वर्षं चालेल. त्यात तुझं काही जाणार नाही, तू इथे नसणारच." त्यांनी तिच्या मुंडावळ्या बाजूला करून डोळे पुसले, हलक्या हाताने, काजळ न पसरता. ते त्यांना छान जमतं, हे मी बघितलं. "होकार कधी कळवायचाय?"

"उद्या संध्याकाळी."

"उद्या पूजा आहे. गडबडीत राहून जाईल. आत्ता कळव."

"आत्ता?"

"मुहूर्ताला अजून तीन तास आहेत. मिहिर, फोन धर तिचा. तिच्या हातात बांगड्या आहेत, टाईप करता येणार नाही."

मग त्या रुखवताच्या टेबलाशी उभं राहून आमच्या नवरीने पत्र सांगितलं आणि अर्ध्या फेट्यातल्या नवऱ्याने ते टाईप केलं. दोन ओळींचं पत्र. तिसऱ्या ओळीत तिला काहीतरी अपवाद घालायचा होता, तो मिहिरने घालू दिला नाही. "पाठवू?" त्याने विचारलं. ती "थांब," म्हणाली, डोळे मिटले, आणि मग "पाठव." पाठवलं. दोघंही एकदम हसले, आणि तिचं हे हसू मला नवीन होतं.

गुरुजींची हाक आली, गौरीहराशी बसायची वेळ झाली होती. मिहिर फेटा सावरत पळाला. उत्तरा माझ्याजवळून जाताना दात-ओठ खात "तुला घरी गेल्यावर बघते," म्हणाली, आणि मग माझा हात घट्ट दाबून गेली. ऋता दोन पावलं गेली, परत आली, मला मिठी मारली, हळद माझ्या साडीला लागली, आणि ती गेली.

टेबलाशी मी आणि सुहासिनीताई उरलो.

"कार्ड तुम्ही लावलंत."

"हो."

"लावू नका असं सांगितलं असणार तुम्हाला."

"सांगितलं होतं. मी शब्दही दिला होता."

"मला तुमचा राग आलाय."

"येऊ दे," मी म्हटलं. गेले चार दिवस मी तिने जावं म्हणून तळमळत होते, भांडत होते, शब्द मोडला, आणि ती खरंच जाणार हे मला आत्ता, त्या टेबलाशी कळत होतं. जानेवारीत संध्याकाळी बेल वाजणार नव्हती. ओट्यावर कुणी चढून बसणार नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि मला चारचौघांत रडायला मुळीच आवडत नाही.

सुहासिनीताईंनी एक खुर्ची ओढून मला बसवलं, दुसरी ओढून आपण बसल्या. मग हात लांब करून, लग्न लागायच्या आधी रुखवताला हात लावत नाहीत हे सगळं माहीत असूनही, त्यांनी डॉरमाऊसची शेपटी मोडली. अर्धी माझ्या हातात दिली, अर्धी स्वतः खाल्ली. शेवया त्यांच्या पैठणीवर पडल्या.

"बेसन खमंग भाजलंय," त्या म्हणाल्या.

"मंद आचेवर, दीड तास," मी म्हटलं. सवयीने.

"रविवारी काय करता तुम्ही?"

"काही नाही. ऋता यायची."

"मग आता बोरिवलीला येत जा. मलाही रविवार जात नाही."

"बोरिवली म्हणजे," मी डोळे पुसत म्हटलं, "मुलुंडहून फार लांब पडतं हो. दोन-दोन गाड्या बदला, सगळं ट्रॅफिक..."

त्यांनी तोंडातला घास संपवला. चष्मा चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"वसुधाताई," त्या म्हणाल्या, "पोरीला समुद्रापलीकडे धाडलंत, आणि तुम्हाला बोरिवली लांब?"

मी म्हटलं, येईन.